एका नुक्त्यासाठी सोलापूर

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. नळदुर्गच्या स्टँडवरून सकाळची सातची एसटी धरून आम्ही तिघे सोलापूरला निघालो. शाळेच्या मुख्याध्यापिका आपा, चित्रकलेचे सर आणि उर्दू-मराठी शिकवणारे हे लिहिणारे. पिशवीत तीन भाकऱ्या, पाण्याच्या बाटल्या, शाळेचा एक जुना शर्ट आणि पुठ्ठ्यात जपून ठेवलेला एक कागद. त्या कागदावर चित्रकलेच्या सरांनी बोरूने तीन शब्द लिहिले होते : इल्म और खिदमत. तेवढ्या तीन शब्दांसाठी हा प्रवास होता.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांसाठी बोधचिन्ह छापलेले शर्ट एका पुरवठादाराकडून घेतले होते. चिन्ह छापील होते, शिवलेले नव्हते. चार धुण्यांत दिव्याची ज्योत गेली, आठ धुण्यांत शाळेचे नाव गेले. दिवाळीपर्यंत खिशावर नुसता पांढुरका डाग उरला. चूक पुरवठादाराची, हे खरे. पण एक चूक आमचीही होती. ज्याच्या खिशावर चिन्ह नाही त्याने परिपाठाच्या वेळी वेगळ्या रांगेत उभे राहायचे, असा नियम आम्हीच केला होता. जानेवारीत सहावीतला एक मुलगा पहिल्या रांगेत उभा दिसला. जवळ जाऊन पाहिले, तर त्याने खिशावर निळ्या बॉलपेनने दिवा, पुस्तक आणि शाळेचे नाव काढले होते. बापाकडे दुसऱ्या शर्टाचे पैसे नव्हते, म्हणून पोराने स्वतःच शाळा खिशावर लिहून आणली होती. त्या दिवशी ती वेगळी रांग आम्ही बंद केली. या वर्षी चिन्ह सुताचे हवे आणि ते टिकायला हवे, असे ठरले.

मग समितीत चर्चा झाली, खिशावर काय लिहायचे? कुणी म्हणाले, इल्मासाठीची कुरआनातली दुआच लिहू, पुष्कळ शाळांत असते. समितीतले एक बुजुर्ग चाचा शांतपणे म्हणाले, "बोर्डावर लिहा, भिंतीवर लिहा. पण शर्ट तो शर्टच. पोरगं तो घालून कुठेही जाणार, नाक पुसणार. वर्षाने त्याच शर्टाचं फरशी पुसायचं फडकं होणार. मग त्या अक्षरांचं काय करणार?" कुणालाच उत्तर देता आले नाही. म्हणून साधे शब्द निवडले. ज्ञान आणि सेवा. अदबही राखली आणि अर्थही आला.

सोलापूरच का, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. आपल्याकडे चादर म्हटले की सोलापूर, टॉवेल म्हटला की सोलापूर. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अलीकडच्या काळात त्यात गणवेशाची भर पडली आहे. २०१७ मध्ये इथे गणवेशांचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि आता देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या शाळांचे, कारखान्यांचे, दवाखान्यांचे कपडे इथून शिवून जातात. गणवेश आला की खिशावरचे नाव आले, आणि नाव आले की भरतकामाचे यंत्र आले.

इटकळ गेले, बोरामणी गेले. उन्हाने रापलेली काळी राने मागे टाकत गाडी शहरात शिरली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. रिक्षावाल्याला "पूर्व भाग" म्हटल्यावर पुढे काही सांगावे लागले नाही. कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ हा सगळा पट्टा कापडावर जगणारा. गल्लीत शिरताच यंत्रमागांचा खटखटाट कानावर येतो. पाट्या मराठीत, घरातले बोलणे तेलुगूत, दुकानातले मराठीत आणि चहाच्या टपरीवर दखनी. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि इथले मोमीन विणकर पिढ्यान् पिढ्या शेजारी शेजारी राहत आले आहेत. १८७७ मध्ये इथे पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली. लोक तिला अजून 'जुनी मिल' म्हणतात. मिल कधीच बंद पडली, पण तिने शिकवलेले हात घरोघर उरले.

आम्ही गेलो तो कारखाना म्हणजे दुमजली घराचा खालचा मजला. मालक पन्नाशीचे. कामगार त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणू लागलो. आत एक लांबलचक यंत्र, त्याला ओळीने बारा हेड. प्रत्येक हेडला नऊ सुया आणि प्रत्येक सुईत वेगळ्या रंगाचा दोरा. यंत्र चालू होते. बाराही सुया एकाच वेळी एकाच जागी टोचत होत्या आणि बारा काळ्या टोप्यांवर कुठल्याशा कंपनीचे एकसारखे पिवळे चक्र उमटत होते. पलीकडे हॉटेलांच्या टॉवेलांचा ढीग, सुरक्षारक्षकांचे निळे शर्ट, एका दवाखान्याचे हिरवे गाऊन. आपा हळूच म्हणाल्या, "बघा, सगळ्या नोकऱ्या इथे घडी करून ठेवल्यात."

अण्णांचे वडील चादरीच्या जकार्डचे पत्ते पाडायचे. जकार्ड म्हणजे काय, हे अण्णांनी आम्हाला विद्यार्थ्यांना सांगावे तसे सांगितले. जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडायची. भोक असेल तिथे ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. अशा शेकडो पत्त्यांच्या माळेतून मोर उमटतो, फूल उमटते, नावही उमटते. फ्रान्समधल्या लियॉन शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. पुढे भरतकामाच्या यंत्रांनीही भोके पाडलेल्या कागदी पट्ट्या वापरल्या. आज पट्टी गेली, संगणक आला, पण कामाचे नाव तेच राहिले : पंचिंग. "बाबा पत्ते पंच करायचे, पोरगा कॉम्प्युटरवर पंच करतो. मधे मी नुसता हिशोब करतो," असे म्हणून अण्णा हसले.

यंत्राच्या भरतकामाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८२८ च्या आसपास फ्रान्समधल्या म्युलुझचे जोशुआ हाइलमान यांनी हाताने फिरवायचे भरतयंत्र बनवले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी शिवणयंत्राची तत्त्वे घेऊन 'शिफ्ली' यंत्र काढले. शिफ्ली म्हणजे छोटी होडी, कारण त्यातला धोटा होडीच्या आकाराचा होता. विसाव्या शतकात जपानी कंपन्यांनी अनेक हेडची यंत्रे आणली आणि एकाच नक्षीच्या डझनभर प्रती एका दमात निघू लागल्या. आपल्या नानी-दादींनी कंदिलाच्या उजेडात रुमालावर जो टाका घातला, तोच टाका आता मिनिटाला सातशे-आठशेच्या वेगाने पडतो.

अण्णांचा मुलगा पंचिंग करतो. डिप्लोमा झालेला, विशीतला, बोलायला नम्र. आठवड्यापूर्वी आम्ही त्याला फोनवरून शब्द पाठवले होते. त्याने ते संगणकात टाकले, तर अक्षरे सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने पडली, कारण त्याच्या प्रोग्रामला उजवीकडून डावीकडे जाणारी जोडलेली लिपी कळत नव्हती. ते पाहूनच तर आम्ही बोरूने लिहिलेला कागद घेऊन आलो होतो. आता त्याने कागद स्कॅन केला आणि त्यावर टाक्यांचे रस्ते आखू लागला.

हे काम बघत बसण्यासारखे आहे. संगणकाला चित्र दिले की यंत्र शिवते, असा आमचा समज होता. तसे नाही. सुई कुठे सुरू करायची, कुठल्या दिशेने जायची, अरुंद जागी लांब सॅटिनचा टाका घ्यायचा की रुंद जागी भरीव टाका, खाली आधाराचे टाके किती, कापड ओढले जाऊन आकार बिघडेल तो आधीच किती फुगवून ठेवायचा, हे सगळे माणूस ठरवतो. कापडाखाली कागदासारखे अस्तर लावतात, नाहीतर शर्ट चुरगळतो. कामाचे पैसे चित्राच्या आकारावर नव्हे, तर टाक्यांवर ठरतात. हजार टाक्यांना इतके, असा भाव.

आमचे चिन्ह होते दिवा, पुस्तक, किरणे, खाली शाळेचे पूर्ण नाव मराठीत, पुन्हा उर्दूत, आणि वर ते तीन शब्द. मुलाने मोजून सांगितले, सहा हजार दोनशे टाके. शिवाय खिशाच्या मापात इतके बसवायचे तर अक्षरे तीन मिलिमीटरची होतील. "सर, पाच मिलिमीटरच्या खाली अक्षर नीट येत नाही. नुसती गाठ दिसते."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. वर्गात आम्ही मुलांना सांगतो, निबंधात सगळेच कोंबू नका. आणि इथे खिशावर आम्ही सगळी शाळा कोंबली होती. आपांनी पेन्सिल घेऊन किरणे खोडली. मग दिवा. उर्दूतले लांब नाव गेले, मराठीतले छोटे नाव राहिले. उरले एक उघडे पुस्तक, वर उर्दूतले तीन शब्द, खाली मराठी नाव.

नमुना निघायला दोन-अडीच तास लागणार होते. आम्ही बाहेर पडलो. चाटी गल्लीत कापडाचे भाव पाहिले, भुईकोट किल्ल्याच्या तटाशेजारून चाललो आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना एकत्र फाशी झाली. त्याआधी मे १९३० मध्ये या गिरणगावात मार्शल लॉ पुकारला गेला होता. तिरंगा लावणे आणि गांधी टोपी घालणे हासुद्धा तेव्हा गुन्हा ठरला. टोपी म्हणजे चार बोटे कापड. पण त्या कापडाचा अर्थ सरकारला कळत होता आणि घालणाऱ्यालाही कळत होता. खिशावरच्या चिन्हाला आपण शोभेची वस्तू समजतो. या शहराने त्यापायी तुरुंग पाहिला आहे.

जोहरची नमाज विजापूर वेशीजवळच्या मशिदीत झाली. आपा तोवर एका ओळखीच्या घरी टेकल्या होत्या. तिथेच आमच्या भाकरीला शेंगाचटणीची सोबत मिळाली आणि वर दही. अडीच वाजता आम्ही पुन्हा कारखान्यात हजर.

नमुना तयार होता. पांढऱ्या कापडावर गडद हिरवी अक्षरे, खाली सोनेरी पुस्तक. चित्रकलेच्या सरांच्या बोरूचे वळण जसेच्या तसे आले होते. आम्ही खूश झालो. आपांनी फोटो काढला. "छान आहे, करा सुरू," असे आमच्या तोंडून जवळजवळ गेलेच होते.

दाराजवळ जमिनीवर चार बाया धागे कापत बसल्या होत्या. यंत्र एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना मधे जो धागा सोडते, तो बारीक कात्रीने काढायचे त्यांचे काम. त्यातल्या एक वयस्क खाला उठल्या, नमुना हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "आपा, ये खे पे नुक्ता नै है ना?"

आम्ही पाहिले. खरेच नव्हता. 'खिदमत'च्या खे वरचा नुक्ता गायब. नुक्ता गेला की खे ची हे होते आणि शब्द होतो 'हिदमत', ज्याला काही अर्थच नाही. शेवटच्या ते वरचे दोन नुक्तेही एकमेकांत मिसळून एकच गोळा झाला होता. उर्दू शिकवणारे आम्ही, बोरू चालवणारे सर आणि वीस वर्षे शाळा सांभाळणाऱ्या आपा. तिघांनी नमुना पाहिला, तिघांनी वाखाणला. आम्हाला शब्द पाठ होता, म्हणून आम्ही तो वाचलाच नव्हता. जे कापडावर नव्हते, तेही आम्हाला दिसत होते.

मुलगा ओशाळला. "मला वाटलं स्कॅनमध्ये कचरा आलाय. छोटे ठिपके मी नेहमी पुसून टाकतो." त्याची काय चूक? ज्याला लिपी ठाऊक नाही त्याला नुक्ता आणि धुळीचा कण सारखाच.

खाला म्हणाल्या, अशी चूक दोन ठिकाणी होते. एकदा संगणकावर आणि एकदा कात्रीखाली. पूर्वी असे एक उर्दूचे काम आले होते, तेव्हा नवीन पोरीने सुटा धागा समजून निम्मे नुक्तेच कापून टाकले होते. "उस के बाद से उर्दू का काम आया तो अण्णा मेरेच हात में देते."

आम्ही विचारले, खाला, आपण कुठे शिकलात? त्या हसल्या. उर्दू शाळेत चौथीपर्यंत. मग विड्या वळायला बसल्या त्या तीस वर्षे. तंबाखूने छाती भरली, तेव्हा डॉक्टरांनी काम सोडायला सांगितले आणि सुनेने इथे आणले. सोलापुरात हजारो घरांतल्या बायांचे आयुष्य असेच विडीच्या सुपात आणि मागाच्या धाग्यात गेले आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून आम्ही मुलींना सांगतो, शिका, नाहीतर विड्या वळाल. त्या दिवशी चार इयत्ता शिकलेल्या बाईने आमची इज्जत वाचवली. आमच्या खिशावरचा 'इल्म' त्यांच्याकडे होता, आणि 'खिदमत'ही त्यांनीच केली.

मग आम्ही मुलाशेजारी खुर्च्या ओढल्या. त्याला वहीत खे, हे आणि जीम काढून दाखवले. वर नुक्ता असेल तर खे, पोटात असेल तर जीम, काहीच नसेल तर हे. अंगकाठी एक, ओळख नुक्त्याने. त्याने पटकन धरले. म्हणाला, "म्हणजे आमच्या अनुस्वारासारखं." पुरते तसे नाही, पण समजायला पुरेसे. त्याने नुक्ते थोडे मोठे केले, ते वरचे दोन एकमेकांपासून लांब सरकवले आणि प्रत्येकाला दोन्ही टोकांना पक्के टाके दिले, म्हणजे धुण्यात उसवणार नाहीत. नाव आटोपशीर केल्यामुळे जागा मोकळी झाली होतीच. अक्षरे नऊ मिलिमीटरची झाली.

आता हिशोब. आपांनी खरी अडचण सांगितली. शाळेत निम्मी मुले मोलमजुरी करणाऱ्यांची. शर्टावरच चिन्ह भरले तर प्रत्येकाला आमच्याकडूनच शर्ट घ्यावा लागणार, आणि पोर वाढले की शर्टाबरोबर चिन्हही वाया जाणार. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, शर्ट माझ्याकडून घेऊच नका. नुसते बिल्ले करून देतो. कडेने दाट टाक्याची गोट मारतो. ज्याला जिथून परवडेल तिथून त्याने पांढरा शर्ट घ्यावा आणि घरी बिल्ला शिवावा. शर्ट लहान झाला की उसवून दुसऱ्यावर लावा. मोठ्याचा धाकट्याला होईल."

शर्टांची ऑर्डर गेली तर नुकसान त्यांचेच, हे आम्हालाही कळत होते. आपांनी तसे म्हटलेही. त्यावर ते इतकेच म्हणाले, "माझ्या बाबांनी माझा शाळेचा शर्ट चादरीच्या कापडाचा शिवला होता. पोरं हसायची."

गोटीसकट टाके झाले चार हजार शंभर. यंत्र मिनिटाला साडेसातशेच्या चालीने चालले की एक फेरी साडेपाच मिनिटांची. कापड ताणून फ्रेमला लावणे आणि काढणे धरून दहा मिनिटे. एका फेरीत बारा बिल्ले, दोनशे चाळीस बिल्ल्यांना वीस फेऱ्या. म्हणजे सव्वातीन-साडेतीन तासांचे काम. हे गणित आम्ही सातवीच्या वर्गात घालायचे ठरवले आहे.

दुसरा नमुना निघाला तेव्हा आम्ही तो आधी खालांच्या हातात दिला. त्यांनी एकेक अक्षर बोटाने चाचपले, नुक्ते मोजले. एक, दोन, तीन. मग मान हलवली. त्यानंतरच यंत्र सुरू झाले. बारा हेड एकदम खाली आले आणि बारा ठिकाणी एकाच वेळी 'इल्म'चा ऐन उमटू लागला. सुयांना काय, उजवी-डावी सारखीच. पण बघताना आमचा ऊर भरून आला, हे कबूल केले पाहिजे.

असरनंतरच्या गाडीने आम्ही परतलो. पहिल्या फेरीतले बारा बिल्ले आपांच्या पर्समध्ये होते, बाकीचे आठवड्याने आले.

ज्या वाचक बंधू-भगिनींवर शाळेचे, संस्थेचे किंवा जमातीचे असे काम येईल, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून चार गोष्टी. चिन्हात कमीत कमी ठेवा, पैसे टाक्यांचे लागतात. पवित्र वचने कपड्यावर घालण्याआधी त्या कपड्याचा शेवट कुठे होतो याचा विचार करा. उर्दू किंवा अरबी मजकूर टाइप करून पाठवू नका, चांगल्या हाताने लिहून द्या. आणि नमुना पास करण्याआधी तो अशा माणसाकडून वाचून घ्या, ज्याला त्यात काय लिहिले आहे हे आधी माहीत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. बॉलपेनने चिन्ह काढणारा तो मुलगा आता आठवीत आहे. त्याला बिल्ला दिला तेव्हा त्याने तो उलटा करून मागचे टाके पाहिले, नखाने खरवडून पाहिला आणि विचारले, "सर, हा धुण्यात जाणार नाही ना?"

आम्ही म्हणालो, नाही जाणार, इन्शाअल्लाह. त्याने बिल्ला कंपासपेटीत ठेवला आणि अम्मीकडून शिवून घ्यायला घरी नेला.